तिला गाडी म्हणायचं होतं

"साडी काढ," आई म्हणाली.

रेडिएशनचे आठवडे संपवून आम्ही नागपूरहून गोंडपिपरीला घरी परतलो, त्याला थोडेच दिवस झाले होते. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती, डोक्याला सुती रुमाल बांधून. मी कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यातली एक साडी तिच्यापुढे ठेवली. तिने ती हाताने बाजूला सारली आणि पुन्हा म्हणाली, "साडी काढ." मी दुसरी काढली, मग तिसरी. करता करता पलंगभर साड्या पसरल्या. नोकरीतल्या पांढऱ्या, धुऊन धुऊन पिवळट पडलेल्या. दीक्षाभूमीला जाताना नेसायची एक, वेगळी जपलेली. बाबांनी हौसेने आणलेली आणि तिने "ही लय चमकते" म्हणून घडीही न मोडलेली एक. आई प्रत्येक साडीकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि तिच्या कपाळावरची आठी वाढत जायची.

मला वाटलं, ती साड्या वाटायला काढते आहे. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईने जाण्याआधी असंच केलं होतं, सुनांना बोलावून एकेकीच्या हातात साडी दिली होती.  मी म्हटलं, "आई, राहू दे नं आता. मंग पाहू."

ती चिडली. भिंतीला धरून उठली, मागच्या दारापर्यंत गेली आणि अंगणातल्या टिनाच्या शेडकडे बोट दाखवून उभी राहिली. शेडमध्ये ताडपत्रीखाली आमची जुनी अ‍ॅम्बॅसडर होती. कित्येक वर्षांत तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"गाडी?" मी विचारलं.

"नाई," आई म्हणाली आणि जोरजोरात मान होकारार्थी हलवली.

आईच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ होती. तुकडा काढून तपासला होता, पण पूर्ण गाठ काढता येण्यासारखी नव्हती. जिथे गाठ आहे तिथेच माणसाचे शब्द असतात, असं नागपूरच्या डॉक्टरांनी मला स्कॅनवर पेनाचं टोक ठेवून दाखवलं होतं. शब्द जातील असं नाही, पण चुकीचे येतील, म्हणाले. आणि झालंही तसंच. पाण्याला ती कागद म्हणायची, पंख्याला गाय. कधी शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं बदलून यायचं, गाडीची साडी झाली तसं. होय आणि नाईची तर सारखीच अदलाबदल व्हायची. पण सकाळी बाबांनी मेणबत्ती लावली की ती वंदना अथपासून इतिपर्यंत म्हणायची, पालीतली, एकही अक्षर इकडचं तिकडे न होता. वंदना संपली की पाणी मागताना पुन्हा कागद. हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. जिच्या तोंडून एवढं सगळं बिनचूक येतं तिला साधं पाणी का म्हणता येऊ नये?

गाडी आईची होती, बाबांची नव्हे, हे सांगायला हवं. बाबा शाळेत मुख्याध्यापक होते आणि जन्मभर सायकलवर फिरले. आई आरोग्य खात्यात नर्स होती. एटापल्ली, भामरागड, मग आलापल्लीच्या अलीकडे एक गाव, आणि शेवटी गोंडपिपरी अशा तिच्या बदल्या झाल्या. भामरागडला पावसाळ्यात रस्ता तुटायचा, ड्रायव्हर पलीकडे अडकून पडायचा आणि जीप अलीकडे उभी राहायची. तेव्हा तिने जीप शिकून घेतली. गोंडपिपरीला आल्यावर सरकारी लिलावात निघालेली अ‍ॅम्बॅसडर तिने घेतली. मी तेव्हा शाळेत होते. पुढची सीट सोफ्यासारखी सलग, गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच लावलेला. आई साडीचा पदर कमरेला खोचून गाडी चालवायची आणि बाबा शेजारी खिडकीची कड धरून बसायचे. तालुक्याच्या गावात बाई गाडी चालवते म्हणून लोक थांबून बघायचे. गाडी पांढरी होती. हे मी आत्ताच स्पष्ट लिहून टाकते.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की आईला गाडी सुरू करून हवी आहे.

"मंग करू," बाबा म्हणाले.

"बाबा, तिले खरंच तेच पायजे का, ते तरी कुठी माहीत आहे?"

"बोट दाखवलं न तिनं?"

"दाखवलं."

"मंग झालं."

बाबांचं तेव्हापासून असंच होतं. आई जे म्हणेल ते बरोबर. ती पंख्याला गाय म्हणाली तर ते गाय बंद करून यायचे. मला ते जमत नव्हतं. मी नागपूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तिथून लांबलचक रजा घेऊन आले होते, आणि मला सारखं वाटायचं की खरं काय आहे ते आधी कळलं पाहिजे. डॉक्टरांना फोन केला तर गोंधळ आणखी वाढला. सूज उतरायला ज्या गोळ्या चालू होत्या त्यांनी काही रोग्यांना एकदम तरतरी येते, झोप उडते, नाही नाही ती कामं काढावीशी वाटतात, असं ते म्हणाले. "डोस कमी केला की इच्छा जाईलही." म्हणजे गाडी हवी होती ती आईला, गाठीला की गोळीला? मी हे बाबांना विचारलं तर ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चहा घेशीन का?"

बसस्टँडच्या मागे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मेकॅनिक होते. आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो. पूर्वी चंद्रपूरला कोळसा खाणीतल्या साहेबांच्या अ‍ॅम्बॅसडर त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यांनी येऊन ताडपत्री ओढली. सीटमधला काथ्या उंदरांनी उपसून टाकला होता, वायरिंग कुरतडून ठेवलं होतं, आणि स्टेअरिंगच्या मागे कुंभारीण माशीने मातीची घरं बांधली होती. मागच्या दोन्ही दारांचा खालचा पत्रा बोट लावलं की भुगा होऊन पडत होता. भाऊंनी बॉनेट उघडलं, पट्टा धरून इंजिन फिरवून पाहिलं. ते हललं नाही.

"जाम आहे बाई," ते आईला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "पन मेलं नाई."

आईने मान डोलावली. तिच्यासाठी अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. त्या दिवसापासून ती खुर्ची शेडजवळच राहिली.

भाऊंनी प्लग काढून इंजिनात रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि तसंच मुरत ठेवलं. रोज येऊन ते पुढून हँडल लावून बघायचे. एका सकाळी हँडल किंचित सरकलं, मग अर्धा फेरा, मग आतून काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला आणि ते पूर्ण फिरलं. बाबांनी टाळी वाजवली. आई रडायला लागली. ती का रडते आहे हे तिला विचारलं तर म्हणाली, "हसून राह्यली." ते चुकून आलेलं होतं की खरंच तसं होतं, कोण जाणे.

दर महिन्याला मला तिला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागायचं. तिथे नंबर लागेपर्यंत बाबा तिच्याजवळ बसायचे आणि मी रिक्षा करून जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात जायचे. भाऊंनी कागदावर चित्र काढून दिलेलं असायचं. दुकानदार आधी हसायचे, मग पोत्याखालून काहीतरी काढायचे. एकदा कार्बोरेटर घेतला तो ठेवायला पिशवी नव्हती, म्हणून आईचे एमआरआयचे फोटो ठेवलेल्या पिशवीतच टाकला. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला तर कोपऱ्यात तेलाचा डाग. ते बराच वेळ त्या डागाकडेच बघत राहिले. मी सांगितलं, "सर, ते ऑइल आहे." गाठ तेवढीच होती, वाढली नव्हती. मला एवढं हायसं वाटलं की मी त्या डागाबद्दल माफी मागायचीही विसरले.

आईचं काय खरं मानायचं, हा माझा रोजचा प्रश्न होता. गाडी पहिल्यांदा सुरू करून पाहिली तेव्हा ती नुसती फटफट करून धूर टाकत होती. आई खुर्चीतून म्हणाली, "उलटं. उलटं." भाऊंनी वाकून पाहिलं तर प्लगच्या दोन वायरी खरोखर एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. बदलल्या आणि इंजिन चालू झालं. भाऊंनी आईला हात जोडले. मलाही अंगावर काटा आला. वाटलं, आत ती सगळी शाबूत आहे, फक्त दार अडकलं आहे.

पण मग इंजिन थोडं चालून बंद पडायला लागलं. आई कार्बोरेटरकडे बोट करून "नाक, नाक" म्हणायची. भाऊंनी कार्बोरेटर उघडून धुतला. पुन्हा तेच. आई पुन्हा नाक म्हणाली, त्यांनी पुन्हा उघडला. आठवडाभर हेच चाललं. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं तुम्ही पाहा नं. तिच्यावर नका जाऊ."

"बाईले माहीत आहे, ताई."

दोष निघाला तो पेट्रोलच्या टाकीत. आतला गंज सुटून नळीत अडकत होता. कार्बोरेटरचा काही संबंध नव्हता. मी भाऊंना म्हटलं, "पाहा, नाक नव्हतं." तर ते म्हणाले, "नळीलेच नाक म्हणून राह्यली असन. हवा जाते न नळीतून." बाबांनीही मान हलवली. मला त्या दोघांचा राग आला. ती बरोबर असली तर बरोबर आणि चुकली तरी बरोबर, मग माझ्या आईशी खरं बोलत कोण होतं? आईला विचारावं म्हणून वळले, तर ती खुर्चीतच झोपली होती, तोंड थोडं उघडं, पायावर ऊन आलेलं.

थंडी ओसरताना तिला झटका आला. ती गाडीच्या पुढच्या सीटवर, नव्या काथ्यावर नुकतंच बसवलेलं कापड हाताने चाचपत बसली होती. हात थरथरायला लागला, मग अख्खं अंग. भाऊंनी आणि मी तिला कुशीवर वळवून धरलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात काही दिवस काढले. परत आल्यावर मी बाबांना म्हटलं, आता हे बंद करू या, माणसं, आवाज, धूर, तिला त्रास होतो.

बाबा माझ्याशी सहसा वाद घालत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "त्रास तुले होऊन राह्यला."

"मले होतेच. तुम्हाले नाई होत?"

"होते," ते म्हणाले. "पन बंद केलं तर तिनं दिवसभर काय पाहावं? मले?"

 दुसऱ्या दिवशी भाऊ आले आणि काम सुरू झालं.

रंगाचं त्यानंतर निघालं. दारांचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला होता, खाचांत पुट्टी भरून झाली होती, आणि गाडी बल्लारपूरच्या एका पेंटरकडे न्यायची होती. तो रंगांचं कार्ड देऊन गेला. मी ते आईच्या मांडीवर ठेवलं, खरं तर नुसती रीत म्हणून. गाडी पांढरी होती, पांढरीच होणार. आईने कार्डावरून बोट फिरवलं आणि हिरव्यावर ठेवलं. गडद, सागाच्या पानासारखा हिरवा.

"हिरवा?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली आणि बोट काढलं नाही.

"पांढरा?"

"होय," आणि कार्ड दूर लोटलं.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? बोलणं धरलं तर पांढरा, बोट धरलं तर हिरवा. मी तिला रंग ओळखता येतात का ते पाहिलं. टमाटं दाखवलं, कुंकवाची डबी दाखवली, अंगणातलं कढीपत्त्याचं झाड दाखवलं. प्रत्येकाचा रंग तिने कार्डावर बोट ठेवून बरोबर दाखवला. कार्ड पुन्हा दिलं, बोट पुन्हा हिरव्यावर.

"गाडी पांढरी होती न, आई?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच शंका आली. मग ती एकदम स्पष्ट म्हणाली, "हिरवी होती."

बाबांना विचारलं. ते विचारात पडले. "पांढरीच होती," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "सरकारची होती तेव्हा हिरवी असन. लिलावाआधी." मला ते पटण्यासारखं वाटलं. मी मुद्दाम बल्लारपूरला गेले आणि पेंटरने जुना रंग घासला तेव्हा तिथे उभी राहिले. पांढऱ्याखाली पांढरा निघाला, त्याखाली करडं अस्तर, त्याखाली पत्रा. मी त्याला दाराच्या आतल्या कडेला घासायला लावलं, बॉनेटच्या खाली, डिकीच्या कोपऱ्यात. हिरवा कुठेच नव्हता. मला हिरवा निघावा असं किती वाटत होतं, ते त्या क्षणी कळलं.

म्हणजे ती कुठल्या तरी दुसऱ्या गाडीबद्दल बोलत होती. भामरागडची जीप? बाबा म्हणाले ती खाकी होती. मग कोणती? कोणाची? तिला विचारण्याची सोयच नव्हती. विचारलं की ती हात हलवून "तेच ते" म्हणायची. बोलणं पूर्ण जाईपर्यंत तिचे हे दोन शब्द टिकले.

माझं म्हणणं होतं, पांढरी करू. तीच खरी गाडी. बाबा म्हणाले, "खरी गाडी घेऊन काय करायचं आहे? तिले हिरवी पायजे." शेवटी मीच पेंटरला फोन करून हिरवा सांगितला, आणि फोन ठेवल्यावर मला वाटलं की आपण आपल्या घरातलं काहीतरी खोडून टाकलं.

भाऊ गाडी चालवत घेऊन आले. काच पुसलेली, बंपर चकचकीत, आणि सगळं अंग हिरवं. गल्लीतले लोक जमले. आई बाबांचा हात धरून बाहेर आली, गाडीपुढे उभी राहिली, आणि एकही अक्षर न चुकता म्हणाली, "ही कोणाची व?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. कोणीतरी हसलं.  बाबा म्हणाले, "तुहीच आहे." आई गाडीला वळसा घालून चालत गेली, मागच्या दाराच्या नव्या पत्र्यावर हात ठेवला, मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसली. दोन्ही हात स्टेअरिंगवर. "चाल," ती मला म्हणाली.

तिला गाडी चालवू देणं शक्य नव्हतं. झटक्यानंतर डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. पण ती उतरेना. मी किल्ली खिशात घातली तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी. शेवटी भाऊंनी चारी चाकांना विटा लावल्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि किल्ली माझ्याकडून घेऊन तिला दिली. तिने गाडी सुरू केली. त्यानंतर रोज सकाळी हा कार्यक्रम झाला. आई ड्रायव्हरच्या जागेवर, इंजिन चालू, बाबा शेजारी खिडकीची कड धरून. ते दोघं तसे बसले की मला आत जाऊन भाजी चिरावी लागायची. बघवायचं नाही, आणि का बघवत नाही हेही कळायचं नाही, कारण दोघंही खुशीत दिसायचे.

ऊन फार वाढायच्या आत एका पहाटे आम्ही तिला फिरायला नेलं. मी चालवत होते. स्टेअरिंगजवळचा गिअर माझ्या हाताला बसत नव्हता, दुसरा टाकताना करकर वाजायचा आणि आई दर वेळी तोंडाने 'चक्' करायची. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. गावाबाहेर आल्यावर आईने आष्टीच्या दिशेने हात केला. वैनगंगेचा पूल ओलांडला. आष्टीच्या चौकात मी गाडी हळू केली तर तिने उजवीकडे, आलापल्लीच्या रस्त्याकडे दाखवलं.

"तिची जुनी पोस्टिंग तिकडं होती," बाबा मागून म्हणाले. "आलापल्लीच्या अलीकडे."

रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांनी उखडला होता. समोरून एकामागून एक ट्रक यायचे आणि इतकी लाल धूळ उडायची, की पुढचं काही दिसायचं नाही. हिरव्या बॉनेटवर तिचा थर बसत गेला. मग जंगल सुरू झालं. मोहाचे दिवस होते, झाडाखालची जमीन झाडून साफ केलेली आणि त्यावर फुलं पडलेली. एका वळणानंतर आईने हात वर केला. मी गाडी थांबवली.

तिथे काहीच नव्हतं. ना गाव, ना पाटी, ना दवाखाना. रस्त्यापासून थोडं आत एका मोहाखाली काही बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. आई दार उघडून उतरली आणि त्यांच्याकडे चालायला लागली. मी तिच्यामागे धावले. "लघवीले जायचं असन," बाबा मागून म्हणाले.

ती त्या बायांजवळ जाऊन खाली बसली आणि फुलं वेचायला लागली. बायांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या डोक्याच्या रुमालाकडे पाहिलं, आणि त्यातल्या एकीने तिला गोंडीत काहीतरी विचारलं. आईने उत्तर दिलं. एक शब्द नाही, लांब वाक्य. मग आणखी एक.

तिला नोकरीमुळे गोंडी येत होती हे मला माहीत होतं, पण घरात ती कधी बोलली नव्हती, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. ती अडखळत नव्हती. हाताने फुलं उचलत, मध्येच मान वर करून ती बोलत होती. बाया उत्तरं देत होत्या. एकदा सगळ्या हसल्या, आईसुद्धा.

मी माझ्या जवळच्या बाईला विचारलं, "बाई, ती बरोबर बोलून राह्यली का?"

तिने आईकडे पाहिलं. "बोलते," म्हणाली. "थोडं समजते, थोडं नाई समजत."

"काय म्हणते?"

"म्हणते, पोरगी भुकेली आहे."

"कोणती पोरगी?"

त्या बाईने माझ्याकडे बोट दाखवलं, पण नक्की सांगितल्यासारखं नाही, विचारल्यासारखं. मला भूक लागली नव्हती. आईला मी म्हणायचं होतं की कुठल्या तरी घरातलं, तिने कधी तपासलेलं एखादं बाळ, की भुकेली हा शब्दच मुळात दुसरा काहीतरी होता? त्या बाईने आपल्या जवळचं फडकं सोडून भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. दुसरं काय करणार? आईने मी खाताना पाहिलं आणि पुन्हा फुलांकडे वळली.

ऊन चढायला लागलं तेव्हा बाबांनी तिला उठवलं. ती निमूट उठली. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आई, इथीच यायचं होतं का तुले?"

"कागद," ती म्हणाली. मी पाण्याची बाटली दिली.

परतीच्या वाटेवर ती झोपली.  बाबांचं मत अजूनही तेच होतं, की तिला लघवीला जायचं होतं आणि बाया दिसल्यावर ती विसरली. तसं असेलही. आणि तिला नेमकं तेच झाड हवं होतं, हेही असू शकतं.

गाडी त्यानंतर फार बाहेर पडली नाही. उन्हाळा कडक झाला, आणि पावसाच्या सुरुवातीला गाठ वाढल्याचं कळलं. मग आईची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, आणि वंदनेच्या वेळी फक्त ओठ हलायचे. पोळ्याच्या सुमारास एका दुपारी ती गेली. बाबा तिच्या उशाशी होते, मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी पेज गाळत होते. विहारातली मंडळी आली, सगळं रीतसर झालं. भाऊ आले होते. ते गाडीच्या बॉनेटला हात लावून निघून गेले.

मी आता पुन्हा नागपूरला शिकवते. सुट्टीत घरी गेले की बाबांना गाडीतून फिरवून आणते, कारण ती उभी राहिली की बिघडते. मागच्या खेपेला आम्ही वैनगंगेच्या पुलापर्यंत गेलो. पात्रात पाणी कमी होतं, वाळू उघडी पडली होती. मी गाडी कडेला घेतली. बाबा खाली वाळूकडे बघत म्हणाले, "तुले काय वाटते? तिले समजत होतं का?"

"काय?"

"हे सगळं. आपन काय करून राह्यलो ते."

"मले नाई माहीत, बाबा."

"मलेही नाई," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही तर सगळ्याला होय म्हणत होता. ते म्हणाले, "मंग दुसरं काय म्हणू?"

आष्टीकडून ट्रक येत होते. बाबांनी काच वर करायला सांगितलं. त्यांच्या बाजूची काच अजून नीट चढत नाही, मध्येच अडकते. मी त्यांच्या अंगावरून हात लांबवून ती दोन्ही तळव्यांनी वर ढकलली आणि धूळ जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.